८५८डी हॉट एअर स्टेशन: अडीच वर्षांनंतरचा अभिप्राय, आणि विनाकारण बदललेला हीटर

ऑक्टोबर २०२५. निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराचा मोबाईल स्टार्टर (फोनवरून मळ्यातली मोटर चालू-बंद करणारा डबा) माझ्या टेबलावर उघडून ठेवलेला होता. त्यातलं सिमकार्डचं मॉड्यूल गेलं होतं, नवं आणून ठेवलं होतं, फक्त जुनं उतरवायचं बाकी होतं. हॉट एअर, म्हणजे गरम वाऱ्याने टिन वितळवून बोर्डावरचे भाग सोडवणारं मशीन, चालू केली, ३५० अंश सेट केलं, हँडलमधून वारा सुरू झाला आणि डिस्प्लेवरचा आकडा ३१ वरून हलेचना. वारा येतोय, पण थंडगार. संध्याकाळी त्यांचा फोन आला: "ताई, छाटणी उरकली. ह्या आठवड्यात थ्री फेज रात्रीची आहे. मोटर चालू करायला दोन वाजता मळ्यात जावं लागतंय, आणि शिवारात बिबट्या हिंडतोय."

हे ऐकल्यावर माणूस उद्यावर ढकलू शकत नाही. मी बोर्ड पिशवीत घातला आणि नाशिकच्या एम. जी. रोडला प्रधान पार्कात गेले. तिथल्या एका मोबाईल दुरुस्तीवाल्या मुलाने त्याच्या मशीनवर दहा मिनिटांत मॉड्यूल उतरवून दिलं. पैसे घेतले नाहीत. स्टार्टर दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. माझं मशीन मात्र पुढचे तीन आठवडे माझी परीक्षा घेत राहिलं, आणि त्या तीन आठवड्यांत मला ते जेवढं कळलं तेवढं आधीच्या सव्वादोन वर्षांत कळलं नव्हतं. हे मशीन घ्यावं का, असं मला अनेक जण विचारतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

सिडकोत त्रिमूर्ती चौकाच्या बाजूला माझं छोटं दुकान आहे. सातपूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केला, काही वर्षं अंबडला कारखान्यात काढली, आता स्वतःचं काम करते. इन्व्हर्टरचे, एलईडी टीव्हीचे बोर्ड येतात, पण निम्मं काम शेतीचं: मोबाईल स्टार्टर, ड्रिपचे टायमर, फवारणीच्या पंपाचे चार्जर. एप्रिलातली खरड छाटणी आणि ऑक्टोबरातली गोडी छाटणी, ह्या दोन वेळा दिंडोरी-निफाड-पिंपळगावकडून इतके बोर्ड येतात की टेबलावर चहाचा कप ठेवायला जागा उरत नाही.

मशीन २०२३ च्या जूनमध्ये ऑनलाईन घेतलं, ३,४०० रुपयांना. ब्रँडचं नाव लिहीत नाही. हीच पेटी वेगवेगळी नावं चिकटवून विकली जाते आणि आतलं काम खेपेखेपेला बदलतं, त्यामुळे नावावरून तुम्हाला काहीच कळणार नाही. ८५८डी हा आकडा मात्र सगळ्यांवर असतो. ह्या जातीत पंखा हँडलच्या आत बसवलेला असतो. जुन्या ८५० जातीत पंप खालच्या पेटीत असतो आणि नळीतून वारा वर येतो. कारखान्यात मी त्यावरच शिकले. पंपवाल्याचं हँडल हलकं, पण पेटी मोठी आणि गुरगुरणारी. ८५८ शांत आहे, टेबलावर वीतभर जागा घेतं, आणि वारा भरपूर देतं.

रोजच्या कामात ते खरोखर चांगलं आहे. थंड अवस्थेतून मिनिटभराच्या आत तापतं. हवेचा नॉब १ ते ८ आहे. बारीक रेझिस्टर-कपॅसिटरसाठी मी २-३ वर ठेवते, त्यापुढे गेलात की शेजारचे भाग उडून जातात. मोबाईल स्टार्टरमधल्या मॉड्यूलला चारी कडांनी आणि पोटाखालीही पॅड (टिनने जोडायच्या तांब्याच्या जागा) असतात. तिथे ३५० आणि हवा ५, भरपूर फ्लक्स (टिन नीट वाहू देणारं रसायन), बाजूच्या रिले आणि कपॅसिटरवर कॅप्टॉन टेप, म्हणजे उष्णता सोसणारी चिकटपट्टी. दीड-दोन मिनिटांत मॉड्यूल चिमट्याने हलकं ढकललं की सरकतं. सरकलं नाही तर थांबायचं. जबरदस्तीने उचललं की पॅड बोर्डापासून सुटून येतात आणि मग सातशेचं काम तीन हजारांवर जातं. जुन्या ६३/३७ टिनचा (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) डाग १८३ अंशांना वितळतो, बिनशिशाचा २१७ च्या पुढे, मग ३५० कशाला, असं शिकाऊ मुलं विचारतात. डिस्प्लेवरचा आकडा नळीच्या आतल्या सेन्सरचा असतो. वारा बाहेर पडून बोर्डापर्यंत पोचेस्तोवर बराच उतरतो, आणि बोर्डातला तांब्याचा पत्रा त्यातला आणखी खाऊन टाकतो.

आता बिघाडाकडे येते.

वारा येतो पण ताप नाही, असं झालं की मनात पहिला आरोपी हीटरच. माझ्या मशीनची केबल पेटीला समोरून गोल, अनेक पिनांच्या प्लगने लागते. मी प्लग काढला आणि मल्टिमीटरने पिना एकमेकींशी तपासल्या. हीटर किती ओहम दाखवायला हवा ते आधी काढून ठेवलं होतं: २३० चा वर्ग भागिले ७०० वॅट, म्हणजे साधारण ७५. हीटरमधल्या नायक्रोमच्या तारेचा रेझिस्टन्स थंड असताना आणि तापल्यावर फारसा बदलत नाही, त्यामुळे टेबलावर थंड मोजलेला आकडा विश्वासाचा असतो. (टंगस्टनच्या बल्बचं तसं नाही, तो थंड असताना फार कमी दाखवतो.) थर्मोकपलची (ताप मोजणाऱ्या सेन्सरची) जोडी सापडली, काही ओहम. ७५ ची जोडी कुठेच सापडेना. हीटर ओपन, म्हणजे आतून तुटलेला, असा निकाल मी तिथेच दिला.

मेसेजवर विक्रेत्याचं म्हणणं पडलं, पूर्ण हँडलच बदला, १,२०० रुपये. तेवढं नको म्हणून मी नुसता हीटर मागवला, ४२० रुपये, पाच दिवसांनी आला. हँडल उघडलं, जुना काढला, नवा बसवला. आकडा झरझर ३५० वर गेला. अकरा दिवस मशीन उत्तम चाललं आणि बाराव्या दिवशी पुन्हा तोच थंड वारा.

माझ्याकडे एक मुलगी काम शिकायला येते, एकोणीस वर्षांची. मी दुसरा हीटर मागवायला मोबाईल हातात घेतला होता. ती म्हणाली, "मॅडम, आपण जुना हीटर बाहेर काढल्यावर मोजला होता का?"

मोजला नव्हता. तिने भंगाराच्या डब्यातून तो शोधून काढला आणि त्याच्या दोन टोकांना मीटर लावला. ७४.६. ठणठणीत हीटर मी फेकून दिला होता. मी मोजलं होतं ते हीटर अधिक दीड मीटर केबल, दोन्ही मिळून, आणि दोष फक्त हीटरवर टाकला होता. इतक्या वर्षांच्या कामानंतर ही चूक व्हायला नको होती. तिला मी तेव्हाच सांगितलं की आज तू माझ्यापेक्षा बरोबर विचार केलास.

मग नवा हीटर अकरा दिवस चालला कसा? हँडल उघडताना केबल पुढे ओढली गेली होती आणि आत तुटलेली टोकं एकमेकांना टेकली होती. दुसरं काही नाही. मीटर बीपवर ठेवून मी हीटरच्या वायरीच्या दोन टोकांना प्रोब लावले आणि हँडलच्या मानेतला रबरी बूट वाकवला. बीप तुटायची, यायची, पुन्हा तुटायची. केबल कापली तेव्हा बुटाच्या आत दोन-तीन सेंटीमीटरवर जागा सापडली. पीव्हीसीचं आवरण उष्णतेने वाळून काडीसारखं कडक झालेलं, आणि तांब्याच्या बारीक तारा काळ्या पडून एकेक करत तुटलेल्या. काम करताना हँडल रोज शेकडो वेळा त्याच जागी वाकतं. काही तारा तुटल्या की उरलेल्या तारांतून तोच तीन अँपिअर जातो, तिथे जास्त ताप होतो, आवरण आणखी कडक होतं, आणखी तारा तुटतात.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते. नुसत्या बीपवर भरवसा ठेवू नका. मीटर वायरीतून अगदी मिलिअँपिअरात करंट पाठवतो. पंचवीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी तो खुशाल बीप देईल. मी बाकीच्या वायरी कशा तपासल्या ते सांगते. दुकानात मोटारसायकलची १२ व्होल्टची बॅटरी असते. तिच्यावर ३५ वॅटचा हेडलाईटचा बल्ब जवळपास तीन अँपिअर घेतो, म्हणजे आपला ७०० वॅटचा हीटर २३० वर जेवढा घेतो जवळजवळ तेवढाच. बॅटरी, संशयित वायर आणि बल्ब सिरीजमध्ये जोडायचे, बल्ब लावायचा आणि केबल वीत-वीत करत वाकवत जायची. जिथे बल्ब मंद होईल तिथे वायर गेलेली. ही परीक्षा फक्त जाड वायरींची, हीटरच्या दोन आणि अर्थची. थर्मोकपल, पंखा आणि रीड स्विचच्या (चुंबक जवळ आला की चालणारा छोटा स्विच) बारीक वायरींवर हा करंट घालू नका. माझ्या केबलची हीटरची दुसरी वायरही त्याच जागी अर्धी गेली होती. बीपवर ती पास झाली असती.

केबल बदलायचीच होती, म्हणून पेटीही उघडली. त्या पेटीबद्दल लिहिल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही.

मशीन आलं तेव्हा त्याचा प्लग परदेशी होता आणि सोबत एक चपटा अडॅप्टर, ज्याला अर्थची पिनच नव्हती. पहिल्याच दिवशी मी तो प्लग कापला, आपला सहा अँपिअरचा तीन पिनी प्लग लावला आणि अर्थिंग झालं असं समजून बसले. आता पेटीत पाहते तर हिरवी-पिवळी वायर आत येऊन ट्रान्सफॉर्मरच्या पट्टीला स्क्रूने कसलेली आणि तिथेच संपलेली. हँडलकडे जाणाऱ्या सॉकेटात अर्थची पिन होती, तिच्या मागे वायरच नव्हती. प्लगची वरची पिन आणि हँडलचं स्टीलचं नोझल ह्यांच्यात मीटर लावला: ओपन. पुढे पाहिलं, फ्यूज न्यूट्रलवर. चालू-बंदचा स्विच, तोही न्यूट्रलवर.

हे किती वाईट आहे ते समजून घ्या. ह्या मशीनमध्ये हीटरला थेट घरातली २३० व्होल्टची लाईन मिळते. नायक्रोमची तार आत गुंडाळलेली, तिच्याभोवती अभ्रकाचा पातळ कागद, त्यावर स्टीलची नळी. अभ्रक तडकलं आणि तार नळीला टेकली की नोझल जिवंत. अर्थ जोडलेला असेल तर त्याच क्षणी फ्यूज उडतो किंवा ईएलसीबी (करंट गळताच लाईन तोडणारा स्विच) पडतो. अर्थ नसेल तर काहीच होत नाही, नोझलवर २३० व्होल्ट नुसते थांबून राहतात, कुणाचा हात लागेपर्यंत. आणि स्विच न्यूट्रलवर असल्यामुळे मशीन बंद केलं तरी हीटरपर्यंत फेज आलेलीच असते. त्या टेबलावर सव्वादोन वर्षं मी आणि वर्षभर ती मुलगी काम करत होतो, कधी उघड्या बोर्डावर, कधी पायात चप्पल नसताना. मला त्या रात्री नीट झोप लागली नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर आलं की वॉरंटी संपली आहे. वॉरंटीचा इथे काय संबंध?

म्हणून हे मशीन, कुठल्याही नावाचं, कुणाकडूनही घ्या, पहिल्यांदा चालू करण्याआधी मीटरने एवढं बघाच: प्लगची अर्थ पिन ते नोझल, एक ओहमपेक्षा कमी हवं. प्लगच्या फेज पिनेपासून पेटीतल्या हीटरच्या जोडणीपर्यंत, स्विच बंद असताना, मार्ग तुटलेला हवा. आपल्या सॉकेटात समोरून पाहिलं तर उजवीकडे फेज असायला हवी, पण जुन्या वायरिंगमध्ये ती डावीकडे सापडल्याचं मी अनेकदा पाहिलंय, टेस्टर लावून खात्री करा. हे सगळं प्लग सॉकेटातून बाहेर काढून. नुसता स्विच बंद करून पेटी उघडू नका, का ते वर आलंच आहे. ज्यांच्या पेटीत ट्रान्सफॉर्मरऐवजी एसएमपीएस (इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय) आहे त्यांनी आणखी जपायचं, त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तो उरतो. स्वतःला जमत नसेल तर जवळच्या जाणत्या वायरमनकडून करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे.

मी जुना स्विच काढून डबल पोलचा बसवला, म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही तुटतात. फ्यूज फेजवर आणला, ५ अँपिअरचा. आणि अर्थची वायर हँडलच्या नळीपर्यंत नेली.

केबलसाठी सिलिकॉन वायर हवी होती, पीव्हीसी पुन्हा तशीच वाळली असती. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारलं, नव्हती. मग सुचलं, मोटर रिवाइंडिंगवाले वाइंडिंगची टोकं बाहेर काढायला हीच वायर वापरतात. अंबड लिंक रोडला माझ्या ओळखीच्या एका रिवाइंडरकडे गेले. काका म्हणाले, "किती पाहिजे? मीटरवर देतो." हीटर आणि अर्थसाठी ०.७५ चौरस मिमीची, बाकीसाठी बारीक, वरून घालायला विणलेली स्लीव्ह, सगळं मिळून १९० रुपये. हीटर आणि पंख्याच्या वायरी पुन्हा जोडताना रंग बदलणार असतील तर कापण्याआधी फोटो काढा आणि प्रत्येक वायरीवर चिठ्ठी लावा.

थर्मोकपलला मात्र फोटोवरही विसंबू नका. त्याची उलटी जोडणी ही ह्या मशीनमधली सगळ्यात धोक्याची चूक आहे. ह्यात के टाईपचा थर्मोकपल असतो, तो एका अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो. टोकं उलटी झाली की तापल्यावर व्होल्टेज वाढण्याऐवजी उलट दिशेला जातं. कंट्रोलरला वाटतं नळी अजून थंड आहे, तो हीटरला पूर्ण लाईन देत राहतो आणि नळी लाल होते. रंगांवर जावं तर वेगवेगळ्या देशांचे रंग वेगळे: एका पद्धतीत हिरवी-पांढरी, दुसरीत पिवळी-लाल, आणि दुसऱ्या पद्धतीतली लाल ही निगेटिव्ह असते. साधा लोहचुंबक घ्या. के टाईपची निगेटिव्ह तार, अल्युमेल, चुंबकाला चिकटते. पॉझिटिव्ह क्रोमेल चिकटत नाही. खराब स्पीकरमधला चुंबक माझ्या ड्रॉवरमध्ये त्यासाठीच असतो.

जोडणी झाल्यावर हीटर लगेच लावला नाही. हीटरच्या जागी १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब जोडला. हँडल होल्डरमध्ये असताना बल्ब पूर्ण विझलेला हवा. होल्डरमध्ये एक चुंबक असतो, हँडलमध्ये रीड स्विच, आणि त्यांच्यामुळे मशीनला कळतं की हँडल जागेवर ठेवलंय. उचललं की बल्ब लागायला हवा, कारण सेन्सर थंड आहे आणि कंट्रोलर ताप मागतोय. हँडल ठेवलेलं असताना बल्ब जळत राहिला तर बहुधा ट्रायॅक, म्हणजे हीटरची लाईन चालू-बंद करणारा भाग, शॉर्ट आहे. अशा मशीनला चुकूनही हीटर लावून चालू करू नका, पंखा बंद आणि हीटर चालू असं झालं तर हँडलचं प्लास्टिक वितळतं. बल्ब लागलाच नाही तर आधी रीड स्विच बघा, मग ट्रायॅकला चालवणारा छोटा ऑप्टो. ट्रायॅक बदलायची वेळ आलीच तर नंबर नीट वाचा. बीटीए मालिकेत पाठीचा धातू आतून विलग केलेला असतो. बीटी१३६ सारख्यात तो थेट लाईनच्या पिनेला जोडलेला असतो, म्हणजे हीटसिंकला हात लावला की शॉक. एकाच्या जागी दुसरा डोळे झाकून बसवायचा नाही. माझा ट्रायॅक चांगला होता. बल्बने तीन वेळा बरोबर उत्तर दिलं, मग हीटर लावला.

शेवटी वेगळ्या मीटरचा थर्मोकपल नोझलपासून एक सेंटीमीटरवर धरून वारा मोजला. सेट ३५०, हवा ५, मीटरवर ३१५ च्या आसपास. बोर्डावर कॅलिब्रेशनचा स्क्रू आहे, फिरवून ते आकडे जुळवायचा मोह होतो. मी हात लावला नाही. दोन्ही सेन्सर वेगळ्या जागी आहेत, आणि माझ्या हाताला ह्या मशीनचे आकडे बसलेले आहेत. मोठा फरक असेल, सत्तर-ऐंशी अंशांचा, तरच तो स्क्रू.

लाईट जाण्याबद्दलही सांगायला हवं, कारण आपल्याकडे ती जातेच. हँडल होल्डरमध्ये ठेवल्यावर हीटर बंद होतो आणि पंखा आतली नळी शंभर अंशांच्या खाली येईपर्यंत चालू राहतो. म्हणून काम झाल्यावर स्विच बंद करण्याची घाई करू नका, पंखा थांबू द्या. पण ऐन कामात लाईट गेली तर पंखाही थांबतो आणि ३५० अंशांची नळी प्लास्टिकच्या हँडलात बसून राहते. तेव्हा मी हँडल नोझल वर करून स्टँडला अडकवते, म्हणजे उष्णता वर निघून जाते, मुठीकडे येत नाही. होल्डरमध्ये आडवं तसंच ठेवलं की एक-दोन वेळांत काही दिसत नाही, पण मानेजवळचं आवरण त्यातूनच वाळत जातं. माझी केबल लवकर गेली त्यात ह्याचा वाटा असावा असं मला वाटतं. दुकानाच्या इन्व्हर्टरवर ७०० वॅट झेपत नाही, ते करून बघू नका.

एवढं होऊनही माझं मत असं की मशीन घेण्यासारखं आहे. रोज पाच-सहा बोर्ड काढणाऱ्या छोट्या दुकानाला ह्या किमतीत ह्याहून बरं काही मिळत नाही, आणि त्यातला प्रत्येक भाग सुटा मिळतो, पंखा, हीटर, केबल, ट्रायॅक, सगळं. कामाला चार तारे देते. पेटीतल्या वायरिंगला एकही नाही. अर्थ न जोडता माल विकणाऱ्याला माझ्याकडून माफी नाही, त्याला ती वायर दहा रुपयांना पडली असती. ज्यांना मीटर हातात धरता येत नाही आणि जवळ कुणी करून देणारंही नाही त्यांनी हे घेऊ नये, जास्त पैसे देऊन नावाजलेल्या कंपनीचं, इथे सर्व्हिस सेंटर असलेलं घ्यावं.

माझा एकूण खर्च ६१० झाला, त्यातले ४२० फुकट. जुना हीटर आता डब्यात आहे, त्यावर मुलीने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली आहे: "७४.६, चांगला". नवी केबल तेव्हापासून रोज चालतेय. तुम्ही करणार असाल तर वायर प्रत्येकी पावणेदोन मीटर मागा. मी जुन्या मापाने दीडच घेतली. दोन्ही टोकांना गाठ आणि बूट धरून ती आखूड पडली, आणि हँडल टेबलाच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही.